केझाया कॉबचा चेहरा

मंगळवार, ६ ऑक्टोबर १७६१

डीकन कॉबने आज बायको आणून सोडली. नालबंदाकडे घोडी सोडावी तशी! दारातूनच हुकूम— "गुडघ्यापर्यंत चित्र काढा. पोशाख तो." आणि माझ्या भिंतीवरच्या छापील चित्राकडे बोट. मग गेलासुद्धा. धक्क्यावर गलबत लादायचं होतं म्हणे.

ते चित्र लंडनहून आलेलं, तळहाताएवढं, काळ्या शाईतलं. सॅटिनच्या झग्यातली एक बाई, एक हात मांडीवर, दुसरा दगडी कठड्यावर. अमेरिकेतल्या या न्यू लंडनातल्या निम्म्या बायका मी त्याच झग्यात बसवल्या आहेत. गावात असला झगा एका बाईकडेही नाही, दगडी कठडा तर नाहीच नाही. पण कुणाच्याही दिवाणखान्यात जा, घरची बाई कठड्यावर हात टेकून बसलेली! ती बाई मुळात लंडनच्या नाटकातली नटी आहे, हे इथे फक्त मला माहीत. नाटक म्हणजे नरकाचा दरवाजा, असं प्रार्थनाघराचा कारभारी म्हणून डीकन पुढच्या बाकावरून सांगत असतो. मी कशाला त्याची झोप उडवू?

बायकोचं नाव केझाया. ती तिशीची, डीकन पन्नाशीचा. पोटुशी आहे, शालीखाली लपत नाही. बसल्या बसल्या म्हणाली, "हे माझ्या हौसेसाठी नाही हं. मागच्या खेपेला मरता मरता वाचले. या वेळी नाही वाचले तर हल्डाजवळ काहीतरी असू दे. पाच वर्षांची आहे माझी पोर. पाच वर्षांच्या पोरीला आईचं तोंड किती दिवस आठवणार?"

मी म्हणालो, हनुवटी जरा वर. दुसरं काय म्हणणार?

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

सुंदर वगैरे काही नाही. लांब नाक. पुढच्या दाताचा टवका उडालेला. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित खाली. डाव्या हाताची करंगळी वाकडी— लहानपणी दारात चेंगरली होती. अशा तोंडाचं मी एरवी काय करतो? नाक आखूड करतो, डोळे एका ओळीत आणतो, ओठ मिटवतो, की नवरा खूश! आज तसं करायला हातच उचलेना. आहे तसं काढत गेलो.

बारकाईने बघते पण. म्हणाली, "मिस्टर पेल, तुम्ही माझ्याकडे बघता तेव्हा कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करता."

"मी सगळ्यांकडेच तसं बघतो."

"मग माझ्या वाट्याच्या काढ्यात जरा साखर घाला की!"

१४ ऑक्टोबर

नाक जमलं.

२० ऑक्टोबर

विचारलं तिने— लग्न का नाही केलंत? म्हणालो, दिवसभर बायकांची तोंडं बघतो, घरी जाऊन आणखी एक बघायचा कंटाळा. हसली. अगदी मोकळं, तुटका दात दिसेपर्यंत. मग हसू ओसरलं पण डोळ्यांत थोडं राहून गेलं. "थांबा! हलू नका!" मी ओरडलोच. ती दचकली, पण हलली नाही.

कातडीच्या रंगाला सफेदा, चिमूटभर तांबडा हिंगूळ, सावलीला हिरवट माती. दुपारचं जेवण निवून गेलं. घरमालकीण टटलबाई खालून हाका मारून थकली. इतकी वर्षं हा धंदा करतोय, लोकांच्या भिंती भरतोय. पण स्वतःच काढलेल्या तोंडासमोर मला माझ्या मळक्या शर्टाची लाज वाटावी, असं आज पहिल्यांदा झालं.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

इथली रीत अशी की चित्र पुरं झालं की घरच्यांनी चार शहाणे जमवायचे आणि चित्र माणसासारखं आहे की नाही याचा निकाल लावायचा. नाही म्हटलं की चितारी आपलं चित्र काखेत मारून मोकळा! आज डीकनकडे शहाणे कोण? दोरखंड वळणारा, पिंपं बनवणारा, एक पाद्री, आणि डीकनची बहीण मेहिटेबल— बिनलग्नाची, जिभेला धार.

तिनेच सुरुवात केली. "अगं बाई, हे नाक! हे का आमच्या वहिनीचं नाक?" खुद्द वहिनी तेच नाक घेऊन शेजारी बसलेली.

"करंगळी वाकडी कशाला काढली?" दोरखंडवाला. "लोकांना वाटेल, कॉबच्या घरात लुळी बायको आणली."

"तोंड उघडं आहे," पाद्री म्हणाला. "बाईचं तोंड चित्रात तरी मिटलेलं बरं." सगळे हसले. तो डुक्कर पीपवालाही हसला.

डीकन काठीवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ बघत होता. मग निकाल— "सारखी नाही. माझी बायको अशी बघत नाही."

"अशी म्हणजे कशी, डीकन?"

"अशी. मनात काहीतरी असल्यासारखी."

पीपवाल्याने मान डोलावली. मी केझायाकडे बघितलं. एक शब्द बोलायचा होता तिने— मी आहेच अशी! बस, एवढंच! ती रुमालाची घडी घालत बसली. घालायची, मोडायची, परत घालायची.

मी चित्र उचललं. दाराशी ती मागून आली, घाईघाईने म्हणाली, "पुसू नका ते. एवढं ऐका माझं. बाळंत झाले की मी यांना वळवीन. हल्डासाठी ठेवा."

भित्री बाई! तिथे मूग गिळून बसली, आणि इथे मला अंधारात सांगते पुसू नका!

१ नोव्हेंबर

प्रार्थनाघर. प्रवचन संपता संपेना. ती पुढे बसली होती. एकदाही मागे वळली नाही.

२ नोव्हेंबर

खरवडलं.

रंग अजून ओला होता, सुरीखाली लोण्यासारखा निघाला. मग खरखरीत दगडाने घासून साफ केलं. आधी नाक, मग ओठ, मग तो दात. डोळे शेवटी. मुद्दाम शेवटी ठेवले. कॅनव्हास लंडनहून येतो, वाया घालवायला मी काही लाटसाहेब नाही, असं कुणी विचारलं तर सांगेन. खरं कारण ते नाही. तिने गप्प बसायला नको होतं.

५ नोव्हेंबर

झगा आहे, हात आहेत, आणि वर तोंडाच्या जागी राखाडी भोक. टटलबाई सूप घेऊन आली ती उंबऱ्यातच थांबली. "अहो पेल, झाका तरी ते! ही बाई मला रस्त्यात भेटली तर मी मरेन."

म्हणून एका सकाळच्या बैठकीत त्या भोकात नटीचं तोंड बसवलं. छापील चित्रातलं, जसंच्या तसं. छोटं नाक, मिटलेले ओठ, दोन डोळे एका ओळीत, आत काहीही नाही. हात तेवढे केझायाचेच राहिले, वाकडी करंगळी धरून. बदलायचा कंटाळा आला. पुढच्या खोलीत टांगलंय. गिऱ्हाईकांसाठी नमुना. छापील चित्र मात्र पेटीत घातलं— दोन्ही शेजारी शेजारी दिसली तर माझी चोरी आंधळ्यालाही कळेल.

१२ डिसेंबर

धक्क्याकडच्या रस्त्यावर केझाया भेटली. बर्फात पाय जपून टाकत होती. हल्डा तिच्या शालीला धरून. मी रस्ता ओलांडणार होतो, पण केझायानेच हाक मारली.

"मिस्टर पेल! आहे ना ते?"

"आहे."

कसं आलं तोंडून कोण जाणे. इतकं सहज! तिने माझ्या बाहीवर हात ठेवला. "बरं केलंत. मी त्या दिवशी बोलले नाही ना, मला रोज खातंय ते. पण यांच्यासमोर बोललं की नंतर घरात…" तेवढ्यात हल्डा शिंकली आणि दोघी निघाल्या.

नंतर घरात काय? मला कसं माहीत असणार? कुणी सांगितलं होतं मला?

बाळंत झाली की परत बसवीन तिला. गुपचूप. दुसरं काढीन, याहून चांगलं. तोंड काही पळून जात नाही.

मंगळवार, २३ फेब्रुवारी १७६२

केझाया कॉब काल दुपारी गेली. बाळही गेलं. मुलगा होता.

२५ फेब्रुवारी

मर्तिकाला बोलावताना इथे हातमोजे पाठवतात, ते आले डीकनकडून. पाद्र्याला मऊ कातड्याचे, दोरखंडवाल्याला साध्या कातड्याचे, मला लोकरीचे. कुणी किती दुःख करायचं तेही ठरवून दिलंय. घातले आणि गेलो.

मी बघणार होतो तिला. एकदाच. घरी येऊन काढलं असतं, आठवणीत ताजं असताना. पण शवपेटीला खिळे मारून झाले होते. हल्डा पेटीशी उभी होती, हनुवटी वर करून. कुणीतरी तिला मोठ्या माणसाचे हातमोजे घातले होते, ते सारखे गळून पडत होते.

२ मार्च

आज जे झालं ते लिहून ठेवतो.

डीकन आला. टोपी हातात! त्याला टोपी काढलेलं मी प्रार्थनाघराबाहेर कधी बघितलं नव्हतं. म्हणाला, "पेल, ते चित्र… तुम्ही ते पुसलं असेल." मी याच घटकेची वाट बघत होतो. वाक्यं तयार होती. हो डीकन, पुसलं, तुम्हीच म्हणालात ना सारखी नाही? मग आता अंधारात शोधा तिला! असं म्हणायचं आणि त्याचं तोंड बघायचं. मनात घोळवून घोळवून गुळगुळीत केलं होतं ते वाक्य.

तोंड उघडणार, तेवढ्यात तो माझ्या खांद्यावरून आतल्या भिंतीकडे बघायला लागला. टोपी पडली.

"केझाया!"

मला वाटलं, वेडा झाला. तो सरळ नटीसमोर जाऊन उभा राहिला. रडत होता. डीकन कॉब, रडत होता! "हीच," म्हणाला. "अगदी हीच. मी आंधळा होतो, पेल. त्या दिवशी ती शेजारी बसली होती ना, तिच्याकडे बघत होतो, म्हणून चित्र नीट दिसलं नाही."

मी हसू दाबायला खोकलो. त्याला वाटलं मला गहिवरून आलं, त्याने माझा हात दाबला! मग चित्र छातीशी धरून निघाला. नाटक म्हणजे नरकाचा दरवाजा म्हणणारा डीकन नटीला कवटाळून भर रस्त्यातून चालत गेला! मी खिडकीत पोट धरून हसलो. टटलबाई धावत वर आली.

आता हसू येत नाही. इतकी वर्षं रोज ज्या तोंडासमोर बसून जेवला, ते त्याला ओळखू येईना. आणि ते तोंड जिथे होतं तिथून मी सुरीने काढलं.

८ मार्च

डीकनकडे बोलावलं होतं. चित्र शेकोटीवर टांगलंय. तेच शहाणे, तीच मंडळी. मेहिटेबल डोळे पुसत म्हणाली, "नाक बघा! वहिनीचंच नाक! आता बोलेल असं वाटतं." पीपवाल्याने मान डोलावली. याला मान डोलवायलाच जन्माला घातलंय.

मग फिलिस हल्डाला घेऊन आली. फिलिस म्हणजे डीकनने विकत घेतलेली काळी बाई, स्वयंपाकघर तिच्याकडे, पोरही तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. फिलिसने चित्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिला कुणी काही विचारलं नाही.

डीकन म्हणाला, "आईला नमस्कार कर."

हल्डाने नीट बघितलं. "हात आईचे आहेत."

"आहेतच!" सगळे कौतुकाने.

"पण तोंड कुणाचं आहे?"

"नीट बघ," डीकन म्हणाला.

"आईचा तुटका दात कुठाय?"

"तोंड मिटलंय, म्हणून दिसत नाही."

"आईचं तोंड मिटलं तरी दिसायचा."

मेहिटेबलने तिचा दंड धरला. पोर तिला झटकून माझ्याकडे धावत आली. "तुम्ही काढलंत ना? मग तुम्ही सांगा यांना!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. डीकनही. तिचाही डावा डोळा किंचित खाली आहे, हे मला तेव्हा दिसलं.

मी म्हणालो, "मुलं लवकर विसरतात, डीकन."

डीकनने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. रोज संध्याकाळी पोरीने चित्रासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, ही माझी आई. म्हणेपर्यंत जेवण नाही. खोटारडेपणा लहानपणीच मोडावा लागतो, असं पाद्रीही म्हणाला. मला जाताना उत्तम रमची बाटली दिली. घेतली मी.

१९ मार्च

दोरखंडवाल्याला बायको हवी. पाद्र्याला आई हवी— मेलेली, आठवणीवरून! डीकनने गावभर सांगितलंय, पेल माणूस जिवंत करतो.

२३ मार्च

विहिरीवर फिलिसने गाठलं. बादली खाली ठेवली आणि इकडेतिकडे बघत बोलली.

"काल पण उपाशी झोपली. मी पाव दिला तर मेहिटेबलबाईंनी माझ्या बोटांवर काठी हाणली. साहेब, तुम्हाला माहीत आहे ती आमची बाईसाहेब नाही."

"तुला काय कळतं चित्रातलं?"

"चित्रातलं नाही कळत. त्यांचे केस मी विंचरायचे." मग म्हणाली, "एक शब्द बोला, साहेब. तुमचं ऐकतील ते. माझं कोण ऐकणार?"

बघतो म्हणालो. बघतो म्हणजे काय? बोललो तर डीकन विचारणार, मग ही बाई कोण? आणि खरी कुठे गेली? गावातून डांबर फासून काढतील मला. पोर काय, आज उपाशी आहे, उद्या जेवेल. पोरं हट्ट सोडतात.

२६ मार्च

हल्डाने म्हटलं म्हणे. जेवली.

२० मे

डीकनचं गलबत आज बार्बाडोसला गेलं. विकायला घोडे, कांदे, आणि फिलिस.

टटलबाईने सगळं सांगितलं. फिलिस पोरीला झोपवताना रोज सांगायची, तुझ्या आईचं नाक असं होतं, डोळे असे होते, हसायची तेव्हा असं व्हायचं. पोरीने ते बापासमोर बोलून दाखवलं. झालं. ज्यांनी तिचं ऐकलं नसतं, त्यांनी नेमकं तेवढंच ऐकलं.

मी धक्क्यावर होतो. का गेलो ते विचारू नये. गलबताच्या फळीवरून चढताना तिला मी दिसलो. ती रडली नाही, ओरडली नाही. "पोरीला सांगा," एवढंच म्हणाली, अगदी साध्या आवाजात. मी टोपी डोळ्यांवर ओढली. ऊन होतं, म्हणून ओढली असंही म्हणता येईल.

आता केझायाचं तोंड माहीत असलेला, आणि माहीत आहे हे कळत असलेला, मी एकटाच उरलो.

२ जून

चाललो गाव सोडून. नदीकाठची गावं करीन. तिथेही भिंती आहेत, तिथेही बायका आहेत.

११ नोव्हेंबर

मिडलटाउन. सुताराची बायको. झगा तोच, कठडा तोच. "माझे हात इतके नाजूक नाहीत हो!" म्हणून लाजली. बाई, ते कुणाचेच नाहीत.

१५ जानेवारी १७६३

केझाया काढायला बसलो. आठवणीवरून. येत नाही! नाक काढायला जातो ते आपोआप आखूड होतं, डोळे आपोआप ओळीत येतात. इतकी वर्षं हाताला खोटं बोलायला शिकवलं, आता हात माझं ऐकेना. प्रत्येक वेळी ती नटी येऊन बसते. चित्र काढलेल्या चार फळ्या जाळल्या.

३ मार्च

परत नटी.

९ एप्रिल

आज सकाळी आली.

घरमालकिणीच्या कुत्र्याने माझा मोजा पळवला, मी त्याच्यामागे धावलो, घसरून आपटलो, आणि एकटाच हसत सुटलो. हसता हसता एकदम दिसली. थांबा, हलू नका, असं मी मोठ्याने म्हणालोही! धावत येऊन काढली. हाताएवढी फळी, लाकडाची. नाक लांब. दात तुटका. डावा डोळा खाली. हसू ओसरलेलं आणि डोळ्यांत थोडं राहिलेलं.

तीच आहे. दुसरं काही असूच शकत नाही.

मला ती आवडत होती. लिहून टाकलं एकदाचं. गिऱ्हाईक म्हणून नाही, चित्र म्हणून नाही, ती. नवऱ्यासमोर ती माझ्या चित्राच्या बाजूने बोलली नाही, म्हणजे माझ्याच बाजूने बोलली नाही, असं मला झोंबलं. तिच्या घरात बोलणाऱ्या बायकोचं काय होतं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. म्हणून सुरी घेतली. तिचा मी असा सूड घेतला आणि तिला ते कळलंही नाही. मेली तेव्हा तिला वाटत होतं, चित्र आहे.

११ ऑक्टोबर

न्यू लंडनला परत. डीकनने दुसरं लग्न केलंय— एका कप्तानाची विधवा, जाडजूड, आनंदी बाई. तिचं चित्र हवंय. त्याच झग्यात, अर्थातच! नव्या बाईला शेकोटीवर जुनी नको होती, म्हणून जुनीला हल्डाच्या खोलीत हलवलं. नवी बाई बसायला येते तेव्हा हल्डालाही आणते. सात वर्षांची झाली. गप्प असते. कोपऱ्यात बसून माझे रंग बघते.

फळी पेटीत आहे. तिच्याचसाठी आणलीय.

१८ ऑक्टोबर

नवी बाई बसल्या बसल्या डुलक्या काढत होती. हल्डा माझ्या कोपराशी येऊन उभी राहिली आणि आपणहून बोलायला लागली.

"माझी आई आता माझ्या खोलीत असते. तुम्हीच काढली ना ती? मी तिला रोज सगळं सांगते."

"काय सांगतेस?"

"सगळं. मेहिटेबल आत्या काय बोलली ते पण." मग नाकावर बोट ठेवलं. "आईचं नाक किती छान आहे, नाही? छोटंसं. माझं बघा. आत्या म्हणते, हे ध्यान कुणावर गेलंय देव जाणे. मी रोज चिमटीत धरून ठेवते, म्हणजे आईसारखं होईल."

नाक लाल झालं होतं चिमटीने. केझायाचं नाक, जसंच्या तसं, तिच्या तोंडावर! मी कुंचला पाण्यात बुडवला, तेलाऐवजी पाण्यात. काय करतोय तेच कळेना.

१९ ऑक्टोबर

ठरलं. उद्या देणार. सगळं सांगणार— चित्र, सुरी, नटी, फिलिस, सगळं. मग डीकनला सांगू दे. गावाने काय करायचं ते करू दे. पोरीला तिचं नाक कुणाचं आहे ते कळलं पाहिजे. तिच्या आईने माझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं.

गुरुवार, २० ऑक्टोबर

नवी बाई खाली टटलबाईशी बोलत बसली होती. मी हल्डाच्या हातात फळी दिली. तिने उजेडाकडे धरून खूप वेळ बघितली, डोळे बारीक करून, तिची आई बघायची तसंच. मग माझ्याकडे वळली आणि मला वाईट वाटू नये अशा हळू आवाजात म्हणाली, "छान आहे. ही तुमची बायको होती का?"

मी हो म्हणालो.